अर्धा इंच आखूड

बाहेर भुरभूर चालली होती. चर्चच्या मागच्या शिवणखोलीत ती एका कोटाचं अस्तर उसवत बसली होती, तेवढ्यात हातात विजार घेऊन तो दारात येऊन उभा राहिला. केसांवर प्लास्टरची पांढरी भुकटी. आवारातच चर्चच्या संस्थेची कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा होती. तिथे आलेला नवा कारागीर तो हाच, हे तिने ओळखलं.

दानात आलेले कपडे गरजूंच्या मापाचे करून द्यायचे, हे तिचं काम. कालच एका हमालाला नवा पाय बसला होता आणि तिने त्याच्या विजारीची डावी बाजू अर्धा इंच वर शिवली होती. त्याचाच जाब विचारायला स्वारी आली होती.

"दोन्ही पाय सारखे आहेत त्याचे. मी स्वतः मोजलेत."

"विजार खोटं बोलत नाही," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचा पाय आखूड झालाय."

"माझा?"

"तुम्ही केलेला. तुमचे... बरे दिसताहेत."

बोलून गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो हसू दाबत निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पडेल चेहऱ्याने. पाय खरंच आखूड होता.

मग येण्याला निमित्तं सापडू लागली. महिन्याभरात त्याच्या शर्टाची सहा बटणं तुटली. सातव्याचा दोरा तिने निरखून पाहिला, तर तो कात्रीने सरळ कापलेला. बटण लावताना तिने मुद्दाम वेळ घेतला — आणि तो श्वास रोखून उभा राहिला.

घरी तिचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. झटक्याने अर्धं अंग गेलं होतं, आणि आई गेल्यापासून ते लेकीशिवाय कोणाच्या हातून घासही घेत नसत. शेजारीण दुपारी बसायला येई, पण भरवायला लेकच धावत घरी जाई. तो कधीमधी संध्याकाळी यायचा, त्यांना उचलून खिडकीशी बसवायचा. ते त्याला 'पायवाले' म्हणत आणि त्याच्याशी बोलताना चक्क हसत.

वर्ष सरता सरता संस्थेचं पत्र आलं. दूर देशी, युद्धातून पळालेल्यांच्या छावणीत, सुरुंगांनी पाय गमावलेली माणसं कारागिराची वाट पाहत होती. तीन वर्षांसाठी जायचं होतं. त्याने तिला विचारलं, लग्न करून बरोबर येशील का. वडिलांसाठी संस्थेच्या वृद्धाश्रमात खाट आहे, तिथल्या सिस्टर स्वतः लक्ष घालतील, असंही तो चाचरत म्हणाला. ती हो म्हणाली. त्या दिवशी शिवणयंत्रावर तिचे पाय नुसते उडत होते.

वडिलांना तिथे ठेवून पाहिलं. सिस्टरनी जिवापाड केलं — चमच्याने भरवलं, गोंजारलं, प्रार्थना म्हटल्या. ते मात्र ओठ मिटून भिंतीकडे बघत राहिले. हट्ट नव्हता तो. घास गिळायचा कसा हेच जणू ते विसरले होते. चौथ्या दिवशी नाकातून नळी घालावी लागली. लेकीला पाहून त्यांनी चांगला हात उचलायचा प्रयत्न केला, आणि जड जिभेने म्हणाले, "तू जा गं. मला सवय होईल."

त्या शब्दांनी ती आतून कोसळली. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना घरी आणलं. जिन्यावरून वर उचलून नेलं ते त्यानेच. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

त्याच्या निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. तो शिवणखोलीत आला, तेव्हा ती तिथे पट्ट्या शिवत होती, कृत्रिम पाय कंबरेला बांधायच्या, छावणीत पाठवायच्या.

"मी नाही जात," तो म्हणाला. "थांबा म्हण, इथेच थांबतो."

तिने सुई कापडात टोचून ठेवली. छावणीतल्या लोकांचे फोटो तिनेही पाहिले होते. कुबड्यांवर रांगेत उभी असलेली माणसं. आयांच्या कडेवरची, चालायच्या वयाची मुलं.

"माझं तुमच्यावर फार प्रेम आहे," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "म्हणूनच थांबा नाही म्हणत."

त्याने तिचा हात हातात घेतला, सुयांनी खरबरीत झालेली तिची बोटं आपल्या डोळ्यांवर दाबून धरली. बोटं ओली झाली. बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला... मग पुन्हा एकदा.

दुपारी ती घरी आली, खिमट कालवलं, वडिलांपुढे बसली. पहिला घास घ्यायच्या आधी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"पायवाले गेले?"

"माझा माणूस गेला, बाबा," ती म्हणाली, आणि चमचा पुढे केला.

वडिलांनी तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी गालावर उतरलं तरी, लेकीसाठी, त्यांनी घास गिळला.