स्टिअरिंग कोण हलवत होतं?

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही.

घडली ती माझ्या आतोबांसोबत. आतोबा गॅरेज चालवतात आणि त्यांना रचून काही सांगता येत नाही. त्यांना साधं बोलताच येत नाही, फक्त ओरडता येतं. गिऱ्हाइकं पाठीमागे त्यांना 'भडकू मेस्त्री' म्हणतात.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजलेले. ऊन असं की गॅरेजचा पत्रा तडतडत होता.

सकाळी जारवाले शेठ स्वतः त्यांची जुनी पिकअप घेऊन आले होते. दुकानादुकानांत पाण्याचे जार पोचवायचा त्यांचा धंदा.

"मेस्त्री, स्टिअरिंग तरंगतंय. सरळ धरलं तरी गाडी रस्ताभर भटकते. स्टिअरिंगचा बॉक्स जरा आवळून द्या. उद्यापासून नवा ड्रायव्हर येतोय."

आतोबांचं डोकं तिथेच तापलं. सैल स्टिअरिंग दिसलं की आवळ बॉक्सचा स्क्रू, याची त्यांना भयंकर चीड. झिजलेले सांधे तसेच राहतात आणि वर स्टिअरिंग जड होऊन बसतं.

"काय आवळायचं ते मी बघतो. जुना ड्रायव्हर काय म्हणत होता?"

"तो सोडून गेला," शेठ म्हणाले. "आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार लॉक करून ठेवा. कडी सुटते त्याची."

बोलताना त्यांनी गाडीकडे एकदाही पाहिलं नाही.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

स्टिअरिंग कुठे सैल झालंय ते एकट्याने शोधता येत नाही. एकाने वर केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने गाडीखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, उभं राहून एकेक सांधा बघायचा. जो सांधा उशिरा हलतो, तो चोर.

वरचं काम नेहमी आमची आत्या करते. घर गॅरेजला लागूनच आहे. वीस वर्षांत तिचा हात असा बसलाय की आतोबा फक्त "हलव" आणि "थांब" म्हणतात.

त्या दुपारी ती म्हणाली, "भांडी आवरते आणि आलेच."

आतोबा बॅटरी घेऊन पिटमध्ये उतरले. डोक्यावर गाडीचं काळं पोट. तिथून केबिन दिसत नाही.

थोड्या वेळाने वर सीटची स्प्रिंग करकरली...

आली वाटतं.

"हलव गं."

स्टिअरिंग हलायला लागलं.

डावीकडे... उजवीकडे... डावीकडे...

अगदी हवं तेवढंच. आतोबांनी वरून सुरुवात केली. बॉक्स ठीक. बॉक्सखालचा आर्म ठीक. मग डाव्या चाकाजवळचा, चाक वळवणाऱ्या टायरॉडचा सांधा...

टक.

टक.

गोळा आपल्या वाटीत चक्क उड्या मारत होता. चोर सापडला. आतोबांनी बॅटरी जवळ नेली आणि त्यांच्या तोंडून शिवी गेली.

सांध्याचा नट सुटू नये म्हणून त्यात एक पिन असते. ती पिन नव्हती. तिच्या जागी खिळा होता. वाकवून घातलेला, गंजलेला, साधा खिळा.

"खिळा!" आतोबा कडाडले. "अगं, खिळा घातलाय हरामखोराने! माणूस बसतो या गाडीत!"



वर स्टिअरिंग थांबलं.

मग कुणीतरी जोरात श्वास सोडला... राग गिळताना माणूस नाकाने सोडतो तसा.

आणि स्टिअरिंग गरकन फिरलं. पार डावीकडे! पार उजवीकडे! इंजिन बंद, गाडीचा सगळा भार चाकांवर, आणि चाकं लादीवर करकरत वळत होती. दोन गडी लागले असते त्याला. आतोबा पिटच्या भिंतीला चिकटले.

"अगं, डोकं फिरलंय का? थांब!"

एकदम थांबलं.

"आले, आले!" आत्याचा आवाज आला... घराच्या दारातून. "कुणावर ओरडताय एवढे?"

आतोबा पिटमधून वर आले. आत्या पदराला ओले हात पुसत अंगणातून येत होती. तिने पिकअपचं दार ओढून पाहिलं.

"लॉक आहे. किल्ली द्या की."

आतोबांनी खिशाला हात लावला.

किल्ली खिशातच होती. सकाळी गाडी पिटवर लावून दार लॉक केलं, तेव्हापासून. आणि किल्ली काढली की त्या गाडीचं स्टिअरिंग जागेवर लॉक होतं. फिरतच नाही.

दोघांनी काचेतून आत पाहिलं. केबिन रिकामी होती. फक्त ड्रायव्हरच्या सीटवर बसल्याचा खळगा होता... आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होता.

आत्याने आतोबांचा हात धरला. आतोबांनी तो सोडवला आणि फोन उचलला. भीती वाटत होती, ते कबूल करतात. पण संताप भीतीपेक्षा मोठा होता.

शेठ येईपर्यंत त्यांनी हात थांबू दिले नाहीत. दोन्ही बाजूंचे सांधे नवे, पिना नव्या, दाराची कडीसुद्धा नवी. बॉक्सच्या स्क्रूला बोट लावलं नाही.

पाचला शेठ आले. आतोबांनी खिळा त्यांच्या नाकासमोर धरला.

"हा कुणी घातला?"

"त्या दिवशी पिन मिळेना," शेठ म्हणाले. "गाडी भरून उभी होती. चालून जाईल म्हटलं."

"ड्रायव्हर काही बोलला नाही?"

"रोजच बोलायचा. रोजची कटकट त्याची. स्टिअरिंग बघा, दार बघा..."

"तो नोकरी सोडून गेला," आत्याने हळूच विचारलं, "की...?"

शेठ भिंतीकडे बघायला लागले.

"उतारावर गाडी भरकटली. दार उघडलं, तो बाहेर पडला. गाडीला मात्र फार काही झालं नाही."

"गाडीला!" आतोबांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "माणूस गेला आणि तुम्ही गाडीचं सांगता? कधी झालं हे?"

"दोन महिने झाले."

"दोन महिने! आणि खिळा तसाच?"

शेठनी किल्ली हिसकावून घेतली. "मला शिकवू नका," म्हणत ते केबिनमध्ये चढले. गाडी सुरू केली.

आतोबा समोरच उभे होते. त्यांनी स्वतः पाहिलं ते असं.

शेठनी स्टिअरिंग फिरवलं. अर्धा फेरा. पूर्ण फेरा. चाकं तसूभर हलली नाहीत...

"अजून सैलच आहे की!" शेठ ओरडले.

मग शेठचे हात थांबले, आणि चाकं हलली.

डावीकडे... उजवीकडे... डावीकडे...

पाठोपाठ स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि त्याची दांडी शेठच्या अंगठ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज अंगणात ऐकू आला.

शेठ केबिनमधून खाली पडले, उठले आणि तसेच हात छातीशी धरून रस्त्याने चालत गेले. गाडी सुरूच होती.

आतोबांनी आत हात घालून ती बंद केली. मग दाराशीच उभं राहून ते रिकाम्या सीटला म्हणाले, "उद्या दुसरा कुणी बसेल. त्याची यात काही चूक नाही."

सकाळी नवा ड्रायव्हर आला. मध्यमवयीन, शांत माणूस. आतोबांनी त्याच्यासोबत एक फेरी मारली. गाडी सुतासारखी सरळ.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात मी गॅरेजमध्ये बसलो असताना तोच ड्रायव्हर आला.

"मेस्त्री, गाडी छान आहे. फक्त एकाच ठिकाणी डावीकडे ओढते."

"कुठे?"

"शेठच्या गल्लीत. रस्ता सपाट आहे, तरी त्यांच्या घराकडे ओढते. आधी नुसतं हाताला जाणवायचं. आता दोन्ही हातांनी धरावी लागते. शेठ संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात हो. परवा हातभर अंतर राहिलं."

आतोबांनी गाडी पिटवर घेतली. आत्या वर बसली. तासभर त्यांनी एकेक सांधा पाहिला.

"काही दोष नाही," ते म्हणाले. "त्या गल्लीतून जाऊ नकोस."

"माल तिथूनच भरतो मी."

ड्रायव्हर गेल्यावर मी म्हटलं, "आतोबा, शेठना निदान एक फोन करा. तिथे बसू नका, एवढं तरी सांगा."

आतोबा चिंध्यांनी हात पुसत राहिले.

"करीन," ते म्हणाले.

याला आज सतरा दिवस झाले. काल मी आत्याला विचारलं.

अजून केलेला नाही.