माळ्याच्या नकाशातला माणूस

तो पहिल्यांदा आला तो फाटका खिसा घेऊन. बाहेर पाऊस भुरभुरत होता. समोरच्या इमारतीचं काम बघायला आलेला हा आर्किटेक्ट माझी शिवणकामाची पाटी वाचून आत शिरला. जॅकेटचा उजवा खिसा टेप आणि पेन्सिलींच्या ओझ्याने पार लोंबत होता.

"पाच मिनिटांत होईल?"

"दहा. आणि हा खिसा आहे, हत्यारांची पेटी नाही."

तो हसला. माझ्याकडे येणारी माणसं आरशात बघतात, हा मात्र मान वर करून छताकडे बघत बसला. तिथे माळ्यावर जायची चौकोनी झडप आहे.

"वर काय आहे?"

"पसारा."

"पसाऱ्याखेरीज?"

"कोळी असतील दोन-चार. भेटायचंय?"

मी गंमत केली होती, पण हा खरंच शिडी लावून वर गेला. खाली आला तेव्हा केसांत जळमटं आणि डोळ्यांत नुसता आनंद. "मास्तर, तुमच्या डोक्यावर अख्खी एक खोली आहे."

कपडे शिवणाऱ्या पुरुषाला सगळे मास्तर म्हणतात. मला कुणी म्हटलं नव्हतं. आवडलं मला ते, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

खोलीची मला गरज होतीच. वहिनीला सातवा महिना लागला होता. माझं मशीन ज्या खोलीत होतं ती आता दादा-वहिनी आणि बाळाची होणार, हे कुणी बोललं नव्हतं, पण घरात दुसरी खोली होती कुठे? मावशीने तिच्या दुकानामागची जागा मला देऊ केली होती. उत्तर रविवारपर्यंत हवं होतं. मावशीचं गाव चार तासांवर. मला आत्या व्हायचं होतं, आणि चार तासांवरून आत्या होता येत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं, मग तो माळा मोजायला येऊ लागला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या.

"मास्तर, टेप ताणून धरा. सैल सोडताय तुम्ही."

"सवय आहे. आमच्यात एक बोट सैल सोडतात, श्वास घेता यावा म्हणून."

"घर श्वास घेत नाही."

"तुम्ही विचारलंय कधी त्याला?"

तो टेप सोडून माझ्याकडे बघायला लागला. वाशांवर पाऊस टिपटिपत होता आणि मला उगाचच माझ्या ओढणीवरचे दोरे दिसायला लागले. मी ते एकेक करून वेचले.

"माळा आहे तरी केवढा गं?" खाली वहिनीने विचारलं. "आज चौथ्यांदा मोजतोय तो."

"माप चुकतं."

"हो का? कुणाचं?"

शुक्रवारी तो नकाशाची गुंडाळी घेऊन आला आणि माझ्या कापायच्या टेबलावर पसरून समजावू लागला. माळ्याची खोली करायचे आमच्या घरापुरते तीन प्रकार. पहिला, छप्पर आहे तसंच ठेवून त्यात खिडक्या बसवायच्या. सहा आठवड्यांचं काम. मधे आढ्याखाली उभं राहता येतं, कडेला मात्र बसायचं किंवा कपाटं करायची. दुसरा, छपराचा एक भाग उचलून तिथे उभी खिडकी काढायची. डोक्यावर जागा वाढते, पण परवानगी काढावी लागते आणि सात महिने जातात. तिसरा, अख्खं छप्परच उंच करायचं.

"तिसरा विसरा," तो म्हणाला. "माझ्या मते दुसरा."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "सात महिने? बाळ दोन महिन्यांत येतंय. म्हणजे मी मावशीकडे जायचं."

"तसं नाही, पण... उंची कमी पडते हो."

"कुणाला?"

मी नकाशा माझ्याकडे ओढला. घर मधोमध कापल्यावर आत जे दिसेल, ते त्यात काढलेलं होतं. मशीनवर बसलेली एक छोटी बाई होती, अंबाडा माझाच. आणि त्या उचललेल्या छपराखाली, खिडकीपाशी, एक पुरुष उभा होता.

लोकांच्या मापांवर माझं पोट चालतं. मी पट्टी लावली, नकाशाच्या कडेला लिहिलेल्या प्रमाणाने हिशेब केला. पाच फूट अकरा. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरलेला. ते जॅकेट मी हातात घेतलं होतं, तो खांदा मला माहीत होता.

"मी पाच फूट एक आहे," मी म्हणाले. "आई माझ्याएवढीच. दादा वर येणार नाही, त्याला शिडीची भीती वाटते. मग छप्पर कुणासाठी उचललंत?"

त्याचे कान लाल झाले.

"आमच्याकडे पद्धत आहे," तो चाचरत म्हणाला. "जो राहणार, त्याला खऱ्या उंचीने नकाशात काढायचं. म्हणजे चूक होत नाही. तुम्हाला काढलं. सगळं छान बसलं, पहिल्याच प्रकारात. मग खिडकी रिकामी वाटली, म्हणून... एक माणूस काढला. तो मावेना. मग छप्पर उचललं." त्याने मान खाली घातली. "चूक झाली माझी. सात महिने आणि तुमची मावशी, काही सुचलंच नाही त्या वेळी. तुम्ही मला आवडता, मास्तर. पण घर तुमचं आहे. तुमच्यासाठी पहिलाच प्रकार बरोबर आहे."

मला रागवायचं होतं, खरंच. हा माणूस स्वतःला बसवायच्या नादात मलाच गावाबाहेर काढायला निघाला होता. पण माझ्यासाठी आजवर कुणी दार उघडून धरलं नव्हतं, आणि याने चक्क छप्पर उचललं होतं. छातीत असं काही भरून आलं, की रागाला जागाच उरली नाही.

"पहिलाच करा," मी म्हणाले. "नुसत्या खिडक्या."

"बरं." त्याने खोडरबर काढलं आणि त्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं.

मी त्याचं मनगट धरलं. "त्याला कशाला पुसताय?"

"त्याचं डोकं छपराबाहेर जातंय आता. पहिल्या प्रकारात तो खिडकीपाशी मावत नाही."

"उभा आहे म्हणून." माझा आवाज मलाच परका वाटला. "बसवा की त्याला. टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर. बसलेल्या माणसाला एवढं छप्पर पुरतं."

मग त्याने उभा माणूस हलकेच पुसला आणि टेबलापलीकडे बसलेला काढायला घेतला. गुडघ्याची रेघ वाकडीच आली. मी मनगट सोडलं नव्हतं, हेच कारण असेल.

"किती वेळ बसायचंय त्याने?" त्याने हळूच विचारलं.

"त्याला उठायची घाई आहे का?"

"नाही."

"मग आधी खुर्ची काढा," मी म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने मावशीला फोन लावला.