भिंतीला टेकलेली खुर्ची

मी डावीकडे सरकले, तोही डावीकडे. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. संस्थेतला अरुंद कॉरिडॉर, माझ्या हातात काठोकाठ कॉफी, त्याच्या हातात डोळ्यांपर्यंत उंच खोकं — आणि आम्ही दोघं समोरासमोर नुसते डुलतोय.

"तुम्ही ठरवा," खोक्यामागून आवाज आला. "मी खांब होतो."

खांब खरंच स्तब्ध उभा राहिला. मी त्याला वळसा घालून पुढे गेले आणि उगीचच मागे वळून पाहिलं, तर खोक्यावरून दोन डोळे माझ्याकडेच बघत होते. त्या नादात खांब दारावर जाऊन आपटला.

गंमत म्हणजे कोण कुठे उभं राहतं, कुठे बसतं, कोणापासून किती अंतर राखतं हेच आमचं दोघांचं पोटापाण्याचं काम. मी माणसांचं बघते, तो पक्ष्यांचं. मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, दोन्ही शास्त्रांची मोट बांधून एक प्रकल्प काढला आणि आम्हाला एका टेबलाशी बसवलं. पहिलं काम : 'जवळ' म्हणजे काय, ते माणसाला आणि पाखराला सारखंच लागू पडेल असं ठरवा.

"समोरचा जिथे उडून जातो, त्याच्या जरा अलीकडे म्हणजे जवळ," पक्षीवाला म्हणाला.

"माणसं उडत नाहीत."

"उडतात हो! काल त्या विमावाल्याला बघून मॅडम कशा गेल्या?"

मी हसले, आणि तिथेच फसले. त्याच्या बाह्यांना कायम कुठलंतरी गवत चिकटलेलं असायचं. बोलताना तो आवाज इतका खाली आणायचा की कान पुढे न्यावा लागे, आणि कानापाठोपाठ खुर्चीही जायची. खरा गोंधळ इथूनच सुरू झाला. मी खुर्ची जराशी पुढे घेतली, की तो आपली जराशी मागे घ्यायचा. हळूच, हसत हसत, बोलणं न तोडता... पण मागेच!

आमचं शास्त्र या बाबतीत अगदी रोखठोक आहे. माणूस आवडत असेल तर आपण त्याच्याकडे झुकतो, नसेल तर मागे सरतो. मी स्वतः यावर भाषणं ठोकते. पण मग हाच माणूस खिडकीकडची उजेडाची बाजू माझ्यासाठी का सोडतो? मला खोकला झाला की गरम पाण्याचा थर्मास माझ्याकडे का सरकवतो, आणि हात पोळल्यासारखा मागे का घेतो? काही म्हणता काही कळेना.

"अगं, सरळ विचार ना त्याला," ताई फोनवर म्हणाली.

"विचारलं की माणूस बदलतो, ताई. निरीक्षण बिघडतं."

"मग बस निरीक्षण करत. दुसरी कोणी त्याला घेऊन गेली की तेही टिपून ठेव!"

ताईला चेष्टा सुचत होती आणि इथे माझा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन केंद्राने मला कामाला बोलावलं होतं. काम छान, पण इथल्याइतकंच छान. शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. इथे राहावं असं एकच कारण होतं, आणि ते रोज आपली खुर्ची मागे घेत होतं.

शुक्रवारी सकाळपासून पावसाची भुरभुर होती. मी उगीचच काहीतरी शंका काढून खुर्ची पुढे घेतली. त्याने मागे घेतली, आणि टक्! त्याची खुर्ची भिंतीला टेकली. याहून मागे जायला जागाच नव्हती. माणसाने याहून स्पष्ट काय सांगायचं? मला तिथेच रडू फुटणार होतं. दुपारी मी त्या केंद्राला होकार कळवून टाकला, तोंडावर पाणी मारलं आणि प्रयोगाला उभी राहिले.

प्रयोग साधा होता. एकाने खोलीच्या टोकाला उभं राहायचं. मी हळूहळू त्याच्याकडे चालत जाते. अवघडल्यासारखं वाटलं की त्याने 'पुरे' म्हणायचं, आणि तिथे मी जमिनीवर चिकटपट्टी लावते. पण त्या दिवशी यायचा तो माणूस आलाच नाही.

"मी उभा राहू?" पक्षीवाल्याने विचारलं.

"राहा." म्हटलं, हा अर्ध्या वाटेवरच पुरे म्हणेल, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

मी चालू लागले. अर्धी वाट झाली, तो गप्प. बहुतेक माणसं जिथे अडवतात ती जागा मागे पडली, तरी तो गप्प. त्याच्या शर्टाचं बटण माझ्या नाकासमोर आलं, ओल्या कापडाचा आणि गवताचा वास आला... आणि मीच थांबले.

"तुम्ही पुरे म्हणायचंय," मी कुजबुजले.

"कधी?"

"अवघडल्यासारखं वाटलं की."

"नाही वाटत."

"मग रोज खुर्ची का मागे घेता?" माझा आवाज चिरकला.

तो चक्रावून बघत राहिला. "अहो, पाखरू आपल्याकडे येत असलं ना, तर आपण जरासं मागे सरायचं. त्याची भीती जाते, ते आणखी पुढे येतं. आपण पुढे झालो की संपलं! तुम्ही येत होता... रोज थोड्या थोड्या. मला वाटलं, जमतंय."

"आणि आज? भिंत?"

"भिंत लागली तेव्हा इतका आनंद झाला! म्हटलं, आता सोमवारी..." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता. फार आवडता."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "शहाणे आहात! मी दुपारीच होकार कळवलाय. दुसऱ्या शहरात जाण्याचा. त्या भिंतीपायी!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. शब्द दिला होता, तो मला मागे घ्यायचा नव्हता, आणि त्यानेही घ्यायला सांगितलं नाही. तो खिडकीबाहेरच्या झाडांकडे वळला.

"तिथे झाडं आहेत?" त्याने विचारलं.

"आं?"

"त्या केंद्राच्या आसपास. झाडं."

"फोटोत तर दिसली बरीच..."

"मग पक्षी असणारच. माझं काम तिथेही होईल. मी आलो तर चालेल?"

इतकं शिकलेलं सगळं डोक्यातून पार उडालं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच —

"नुसते पक्षीच बघणार असशील, तर अजिबात येऊ नकोस!"

तो हसला आणि पहिल्यांदाच आपणहून पुढे आला. पुढे यायला तशी जागा उरलीच नव्हती, पण तेवढ्यातही त्याने जमवलं.