सप्त्यात बसलेली होडी

"साहेब, बिगरभोकाची होडी बुडली. आन् माजं पोरगं जाता जाता वाचलं."

भिंगारच्या दोघा मित्रांच्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सकाळचा चहा नुकताच झाला होता. दत्तोपंत चिपळ्या वाजवत एका पदाची चाल घोळवत होते. त्यांची मास्तरकी सुटली होती, कीर्तनाचा नाद काही सुटला नव्हता. दारातल्या माणसाचे शब्द ऐकले आणि चिपळ्या जागीच थांबल्या.

"बसा," हेमचंद्र निसळ म्हणाले. खाजगी तपासाचा धंदा करणारा नगर जिल्ह्यातला हा बहुधा एकटाच माणूस. "मला बिनभोकाच्या होड्या फार आवडतात. नाव काय आपलं?"

"कारभारी म्हसे. पिंपळदऱ्याचा. राहुरीच्या वर, धरनाच्या पान्याकडंला."

कारभाऱ्यांनी पागोटं मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. मुळेचं धरण झालं, गावाची जुनी शिवारं पाण्याखाली गेली, गाव उठून माळावर आलं. तेव्हापासून दर साली शिवरात्रीचा सप्ता उठला, काल्याचं कीर्तन झालं, की दुसऱ्या दिवशी तिहेरी शर्यत. जवान पोरं देवळापासून खिंडीपर्यंत पळतात. खिंडीतून सायकलीवर घाट उतरून पाण्याशी येतात. तिथून ज्यानं त्यानं आपली होडी वल्हवत पल्याडच्या काठाचं निशाण गाठायचं. राहुरीपासून माणूस लोटतो.

"यंदा माजा कानिफनाथ सगळ्यांच्या म्होरं हुता. मदी गेला आन् होडीत पानी चढलं. मागून सहादेव येत हुता, त्यानं पोराला वढून घेतलं. होडी गेली खाली. आमी ती उथळाला वढून आनली, तितंच पान्यात आडवी हाय. छगन सुतारानं हात फिरवून फिरवून बगितली. भोक न्हाई, चीर न्हाई!"

"आणि संशय कुणाचा?"

"गावाचा सहादेवावर. माजाबी." कारभारी खाली बघू लागले. "त्यो नाव चालवतो, लोकं पल्याड सोडतो. शर्यतीत कानिफच्या तोडीचा त्योच. उद्या गावकी बसतीया. त्याला नावंच्या घाटावरनं उठवायचं ठरलंय. पर साहेब, ज्यानं माज्या पोराला वर काढला त्यानंच बुडवला आसंल व्हय? मला झोप लागंना. आधी खरं काय ते कळू द्या."

"होडी शर्यतीआधी होती कुठे?"

कारभाऱ्यांचा चेहरा उजळला. "देवळात! गेल्या साली कुनीतरी दोर सोडला हुता. म्हनून यंदा होडी सप्त्यालाच बशिवली. मंडपात पाटावर ठिवली, हार घातला, रांगोळी काढली. सात दिस सांज-सकाळ नाम आयकलं तिनं, रातीला मंडपाला कुलूप. काल्याच्या दुसऱ्या दिवशी टाळमृदंगात वाजतगाजत पान्यावर न्हेली."

दत्तोपंतांचे डोळे भरून आले. "हेमचंद्र, सात दिवस कीर्तन ऐकलेली होडी बुडते कशी?"

"तोच तर प्रश्न आहे, पंत. कोट घाला."

*

कानिफनाथ खाटेवर घोंगडी पांघरून पडला होता. अंगात ताप होता, पण बोलण्यात मिजास शाबूत होती.

"पानी कुठून आलं?" हेमचंद्रांनी विचारलं.

"सगळीकडनं! एका जागंवरनं आलं आसतं तर टावेल कोंबला नसता का? बुडाकडनं पाझरत आलं, चाळनीवानी."

"सहादेव त्या दिवशी काही बोलला होता?"

"बोलला की. घाट उतरून सायकली टाकल्या तवा म्हनला, 'कानिफ, आज पान्यात उतरू नगंस.' मी म्हनलं, भ्यालास व्हय रं?"

"ही उघड धमकी झाली," दत्तोपंत हेमचंद्रांच्या कानाशी पुटपुटले.

कानिफची बहीण मुक्ता चहा घेऊन आली. कप ठेवून ती खाटेशी थांबली. दाराशेजारच्या खुंटीवर एक मोठी पितळी किल्ली टांगलेली होती.

"ही कशाची?" हेमचंद्रांनी सहज विचारलं.

"देवळाच्या मंडपाची," कारभारी म्हणाले. "येकच हाय. आमच्याच घरात आसती."

मुक्ता पदर सावरत आत गेली.

*

देवळाचा सभामंडप नवा होता. वर पत्रे, बाजूंना लोखंडी जाळी. माळावरचं वारं जाळीतून आरपार वाहत होतं. कोरडं इतकं, की दत्तोपंतांनी दोनदा ओठांवरून जीभ फिरवली. दुपारच्या उन्हात पत्रा तडतडत होता. खांबांवर सप्त्याच्या गॅसबत्त्यांची काजळी अजून होती.

देवळाची झाडलोट करणाऱ्या राहीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्या सोता बगितलंय. काल्याच्या दिवशी भल्या पाटं झाडाया आले, तर मंडपाला कुलूप न्हाई. आत सहादेव, होडीपाशी. हातात माजी घागर! मला बगताच सटाकला."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काल्याच्या दिवशी देवाच्या दारात कालवा नगं म्हनून गप ऱ्हायले. होडी बुडाली तवा कारभाऱ्याच्या कानावर घातलं. आन् बगा, माज्या सुनंनं काडलेली कमळं पार वाहून गेल्ती."

"सगळी रांगोळी गेली?"

"न्हाई. भवतालची हुती तशीच. होडीच्या खालची तेवढी गेली."

हेमचंद्रांनी चष्मा काढून पुसला. ते खूश झाले की असंच करत.

दत्तोपंतांना मात्र राहवेना. "राहीबाई, आदल्या रात्रीच्या कीर्तनात बुवांनी आख्यान कोणतं लावलं होतं हो?"

"त्ये की, देवासाठी लांबनं आनलेल्या कावडीतलं गंगंचं पानी वाळवंटात तडफडनाऱ्या गाढवाला पाजलं, त्ये! समदा मंडप रडला. सहादेव तर खांबाला टेकून रडत हुता. आन् पाटं ह्ये उद्योग!"

"पंत," बाहेर पडताना हेमचंद्र म्हणाले, "तुमचा प्रश्न आज माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोलाचा ठरणार आहे."

दत्तोपंतांना ही चेष्टाच वाटली.

*

छगन सुताराच्या गवती झापासमोर दगडी हौद होता. त्यात बैलगाडीचं एक चाक पाण्यात बुडून पडलं होतं, दुसरं भिंतीला टेकलेलं.

"होडी मीच केली," छगन म्हणाला. "सागवानी फळ्या हायेत. गेलं साल सारं ती पान्यात हुती, टिपूस आत आला न्हाई. माज्या कामाला कुनी नाव ठिवलं तर हात तोडून दीन."

"सप्त्यात तुम्ही होडी पाहिली होती?"

"न्हाई. आपन काष्टीला, लेकीकडं. आलो ते शर्यत झाल्यावर."

पाण्याच्या काठाला उथळात ती होडी तशीच आडवी पडलेली होती. हेमचंद्रांनी चौघांकडून ती काठावर ओढून घेतली आणि आत बादल्यांनी पाणी भरायला लावलं. होडी काठोकाठ भरली, तरी खाली थेंब पडेना. दत्तोपंत गुडघ्यावर बसून बुडाखाली डोकावले. फळीला फळी अशी बसली होती, की मधून नखही जाऊ नये.

"करणी आहे ही," ते कुजबुजले.

"करणीच," हेमचंद्र म्हणाले. "फक्त कुणाची, ते बघायचं."

*

सहादेव घाटाच्या टोकाला एकटाच बसला होता. समोर त्याची नाव पाण्यात काठापर्यंत बुडालेली, आत मोठमोठे दगड.

"अहो, यानं तर स्वतःचीच नाव बुडवली!" दत्तोपंत उद्गारले.

"धंदा बंद केलाय गावानं," सहादेव म्हणाला. "रिकामी नाव आशीच ठिवायची, बा म्हनायचा. शर्यतीच्या आदीबी आशीच हुती."

"तुझे वडील कुठले?"

"गोदावरीकाठचे. आमी नावाडीच. हितं पानी झालं तवा आलो."

"सहादेव, त्या पहाटे देवळात काय करत होतास?"

"देवाला पानी घालाया गेल्तो."

"गाभारा बंद असताना?"

सहादेव नावेतले दगड न्याहाळू लागला.

"आणि मंडपाचं कुलूप?"

"उगडंच हुतं."

"खोटं बोलतोस," हेमचंद्र मऊ आवाजात म्हणाले. "आणि चांगलं खोटं बोलतोस. उद्या नाव जाईल, ठाऊक आहे ना?"

"जाऊंद्या." त्यानं एक खडा पाण्यात भिरकावला. "नाव दुसरी हुईल. येकांद्याचं नाव गेलं तर माघारी येत न्हाई."

दत्तोपंतांना या पोरावर रागावायचं होतं, पण राग काही येईना.

*

दुसऱ्या दिवशी गावकी घाटावरच बसली. कारभारी मध्ये, कानिफ घोंगडी लपेटून शेजारी, बायका मागे. सहादेव उभा होता. हेमचंद्रांनी छगनच्या झापापुढली दोन्ही चाकं आणून ठेवली तेव्हा लोकांत हशा पिकला.

"साहेब, होडीचा निवाडा हाय, गाडीचा न्हाई!"

"आधी पूर्वरंग, मग आख्यान," हेमचंद्र म्हणाले. "विचारा आमच्या पंतांना." त्यांनी भिंतीचं चाक हलवलं. आरे खडखडले, वरची लोखंडी धाव सैल होती. मग हौदातलं ओलं चाक हलवलं. ते दगडासारखं घट्ट. "हे असं का?"

"त्यात इचारायचं काय?" एक म्हातारा म्हणाला. "लाकूड वाळलं की आकसतं. पान्यात टाकलं की फुगून घट हुतं. पोरगंबी सांगंल."

"शाब्बास. मग तीच होडी, तेच सागवान. पत्र्याखाली, कोरड्या वाऱ्यात, गॅसबत्त्यांच्या धगीत सप्ताभर ठेवली तर?"

म्हाताऱ्यानं वाळलेल्या चाकाचा आरा पुन्हा हलवून बघितला.

"फळ्या आकसल्या. सांधा न् सांधा उघडला. म्हणून पाणी एका जागेवरून आलं नाही, चाळणीसारखं सगळीकडून आलं. होडी बुडाली, पाण्यात पडून राहिली, फळ्या पुन्हा फुगल्या, सांधे मिटले. म्हणून छगनला भोक सापडलं नाही, आणि काल भरलेलं पाणी गळलं नाही. भोक नव्हतंच. चाकाचं तुम्हाला आजोबांपासून ठाऊक आहे. पण होडी या गावाला नवी. जमीन गेली आणि पाणी दारात आलं, त्याला किती वर्षं झाली?"

"आन् मग ह्यो घागर घिऊन काय करत हुता?" राहीबाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत. रांगोळी फक्त होडीखालची वाहिली. म्हणजे पाणी बाहेर सांडलं नव्हतं, आत ओतलं होतं आणि बुडातून गळलं होतं. होडी तेव्हाच गळकी होती, आणि सहादेव तिला पाणी पाजत होता. स्वतःच्या नावेला जे करतो, तेच शर्यतीतल्या वैऱ्याच्या होडीला. पण तुम्ही आलात, एक घागर पुरली नाही. म्हणून शर्यतीच्या दिवशी तो कानिफला म्हणाला, उतरू नको. ती धमकी नव्हती, कानिफ, काळजी होती. आणि म्हणूनच तो पुढे जायचं सोडून तुझ्या मागे मागे राहिला."

कानिफनाथानं घोंगडी डोक्यावरून खाली घेतली.

"आदल्या रात्री यानं कीर्तनात काय ऐकलं ते पंतांनी विचारलं, म्हणून माझी खात्री पटली. देवाच्या कावडीतलं पाणी गाढवाच्या मुखी गेलं ती गोष्ट. सगळे रडले आणि घरी जाऊन झोपले. हा पहाटे घागर घेऊन आला."

"मंग कुलूप कुनी काडलं?" कारभाऱ्यांनी विचारलं. "किल्ली तर माज्या घरात."

"उघडंच हुतं, कारभारी," सहादेव घाईनं म्हणाला. "साहेब, ऱ्हाऊ द्या की."

हेमचंद्र फक्त चष्मा पुसत राहिले.

बायकांतून मुक्ता पुढे आली. "कुलूप म्या काडलं, आबा."

घाटावर कुजबुज उठली. कारभारी उभे राहिले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"त्येनं तुमाला दोनदा सांगितलं हुतं, होडी पान्यात ठिवा म्हनून. तवा काय म्हनलात तुमी?"

काय म्हणाले होते ते कारभाऱ्यांना आठवत होतं, आणि निम्म्या गावालाही. 'पान्यात ठिवली म्हंजी तुला भोक पाडाया बरं!'

"मग माज्या पोराला बुडवलं कुनी, साहेब?"

"तुमच्या मायेनं, कारभारी. दुसऱ्या कुणी नाही. नजर लागू नये, हात लागू नये म्हणून जपलीत, आणि तिला हवं होतं तेवढंच दिलं नाहीत."

कारभाऱ्यांनी धोतर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरून सहादेवच्या नावेतला एक दगड दोन्ही हातांनी उचलून काठावर फेकला. मग दुसरा. कानिफ तापाच्या अंगानं उठला तसे ते ओरडले, "बस खाली, मर्दा! तुला काडायचा म्हंजी परत त्याचेच हात लागत्याल!"

सारा घाट हसला. सहादेव मात्र रडत होता.

"रडतो काय? दगड काड, पानी उपस. पाव्हन्यांना पल्याडच्या मोटारीपातुर सोडून ये," कारभारी म्हणाले. मग मुक्ताकडे न बघता, "आन् सांजच्याला जेवाया ये. मुक्ता भाकऱ्या बडवंल. घरच्या कुलुपाची काळजी नगं, दार उगडंच आसतं."

*

नाव मध्यावर आली तेव्हा दत्तोपंतांनी हळूच विचारलं, "हेमचंद्र, मग सात दिवसांचं नाम वाया गेलं म्हणायचं?"

"होडीनं ऐकलं असेल तर वाया गेलं. लाकडाला कान नसतात, पंत." हेमचंद्रांनी वल्हं मारणाऱ्या पाठमोऱ्या पोराकडे मान हलवली. "पण मंडपात आणखी कुणीतरी बसलं होतंच की."

दत्तोपंतांनी वाकून नावेच्या तळाला हात लावला. उपसलेला तळ ओला होता, पण आत थेंबही पाझरत नव्हता. मग त्यांनी पिशवीतून चिपळ्या काढल्या.