सीट धरणारा हात

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्याच चुकीने.

खाली ज्यांना 'फेकू' म्हणून लिहायचंय त्यांनी खुशाल लिहावं. तुमच्या शाबासकीवर माझी चूल पेटत नाही.

आणि रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. रविवार होता, सकाळचे सहा वाजून सतरा मिनिटं. लख्ख उजेड. गावाबाहेरचा सरळ डांबरी रस्ता आणि रस्त्यावर पंचवीस-तीस जिवंत माणसं.

मी लेथवर काम करतो. लोखंड कापायचं, आटे पाडायचे. शिकवलं कुणी नाही, हात कापून घेत शिकलो. म्हणून मस्ती जास्त.

आमच्या सायकल क्लबने यंदा जुन्या धाटणीच्या सायकलींची शर्यत ठेवली. घड्याळाविरुद्धची. म्हणजे घोळका नाही. एकेक जण एकेका मिनिटाने सुटतो, एकटाच पळतो, उताराखालच्या फाट्यावरून वळून परत येतो. सुटताना दोन्ही पाय पेडलच्या पट्ट्यांत बांधलेले असतात, म्हणून मागून एक माणूस सीट धरून सायकल उभी ठेवतो. शून्य म्हटलं की सोडायचं.

एवढंच त्याचं काम. सोडायचं.

धाकटीला पळायचं होतं. शर्यतीनंतर तीन आठवड्यांनी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती. पहिल्यांदाच घराबाहेर.

"दादा, जाण्याआधी एकदा जिंकून जाते," म्हणाली.

भंगारवाल्याकडे एक जुनी सायकल सापडली. सांगाडा हलका, सरळ, शर्यतीचाच. सीट चामड्याची, काळीकुट्ट.

"न्या," तो म्हणाला. "पण सीट निघत नाही हां. तिघांनी जोर लावला."

"त्या तिघांना आधी जेवायला घाल," मी म्हटलं.

नाही निघाली. पाना वाकला. मग म्हटलं राहू दे, जुनी आहे, शोभते.

कॅरियर, मडगार्ड, घंटी, स्टँड, सगळं उतरवलं. हँडल उलटं फिरवून शिंगांसारखं कापलं. फ्रीव्हील काढून मागच्या चाकाला दात्यांची फिक्स चकती बसवली. म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा.

आता माझी चूक ऐका.

उलटा जोर दिला की ती चकती आट्यांवरून सुटू शकते. म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची एक रिंग कसतात. चाकाच्या त्या जुन्या हबवर ती रिंग बसेना. मी साधी रिंग लावली आणि वरून गोंद ओतला.

आणि दोन्ही ब्रेक काढून टाकले. दिसायला घाण दिसत होते म्हणून.

"दादा, ब्रेक?"

"पायांनी थांबव. जुने लोक असेच पळवायचे."

"जुने लोक असेच मेले पण असतील ना?"

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. दोघंही हसलो.

शर्यतीच्या आदल्या दुपारी सायकल कामाच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून मी चहाला गेलो. दहा मिनिटांत परत आलो, तर...

सायकल शेडच्या मधोमध उभी होती.

स्टँड नाही. टेकू नाही. सरळ. उजवं पेडल पुढे, सुटायच्या तयारीत असतं तसं.

मला वाटलं धाकटीची मस्करी. पकडायला सीटखाली हात घातला. चामड्यात खळगे होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. बोटांचे. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथेच धरल्यासारखे.

माझी बोटं त्यात बरोब्बर बसली...

खळगे गार होते. लोखंड गार असतं ना, तसे. चामडं असं गार नसतं.

मी कुणाला बोललो नाही. काय बोलणार? आणि शर्यत उद्यावर होती.

सकाळी तिचा नंबर आला. सीट मी धरली. वेळ मोजायला आमचे सेकंदकाका. सत्तरी उलटली तरी या क्लबचं घड्याळ त्यांच्याच हातात.

"पाच... चार... तीन... दोन... एक... शून्य!"

मी सोडलं. धाकटीने सगळा जोर पेडलवर दिला.

सायकल हललीच नाही.

"दादा, सोड!"

"सोडलंय!"

"अरे सोड ना, वेळ चाललाय माझा!"

मी दोन्ही हात डोक्यावर नेले. लोक हसत होते. माझे हात दिसले आणि हसणं थांबलं.

पाय बांधलेले. सायकल जागच्या जागी ताठ. तिला कुणीही शिवलेलं नाही. आणि सीटखालचं चामडं... आत दबलेलं. पाच ठिकाणी.

माझ्या तोंडून निघालं, कुणाला म्हणालो देव जाणे, "सोडा हो. जाऊ द्या तिला."

आणि सुटलं.

ती सुसाट गेली. मागे न बघता.

सेकंदकाकांनी घड्याळ बघितलं. "नऊ सेकंद अडकली," ते म्हणाले. मग हळूच, "ही सीट कुठून आणलीस रे?"

"भंगारातून. का?"

"एक बाप होता. दर रविवारी पोराची सीट धरायचा. एकदा शून्य म्हटलं तरी सोडीना. का, ते त्याने कधीच सांगितलं नाही. पोरगा ओरडला, शिव्या घातल्या. शेवटी सोडलं त्याने." काकांनी उताराकडे बोट केलं. "पोरगा उताराखालच्या फाट्यावर गेला. ट्रकखाली. पुढे बाप त्याच्या कामाच्या कारखान्यात, बाकावर नुसता हीच सीट धरून बसलेला असायचा. सायकल उभी करून. तासन् तास."

मी ऐकत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. गोंद. उतारावर ती पायांनी उलटा जोर देणार. आणि माझी चकती गोंदावर.

तिच्या मागून सुटलेला परत आला. त्याच्या मागचाही आला.

"माझी बहीण दिसली?"

"वाटेत तर कुणीच नव्हतं," दोघंही म्हणाले.

मी मोटारसायकल काढली.

उतारावर पोचलो. खाली फाटा, आडवे धडधडत जाणारे ट्रक. आणि फाट्याच्या वीस पावलं अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, जिथे त्या दोघांना कुणीच दिसलं नव्हतं...

धाकटी सायकलवर बसलेली. थांबलेली. दोन्ही पाय पट्ट्यांत. उतारावर. आणि पडत नव्हती.

चकती सुटली होती. चेन लोंबत होती. मागे डांबरावर चाक घासत आल्याची काळी रेघ, वरपर्यंत. ज्या सायकलला ब्रेकच नाहीत तिची.

तिचा चेहरा पांढराफटक. मान वळवत नव्हती.

"दादा, तू समोर आहेस ना?"

"हो गं."

"मग मागे कोण आहे?"

मागे कुणी नव्हतं. रिकामा रस्ता.

"सीट धरलीय," ती पुटपुटली. "पेडल एकदम मोकळी झाली, तेव्हापासून. श्वास लागतोय मानेला... गार आहे."

मी पट्टे कापले. तिला उचलून बाजूला घेतलं. तेव्हा कुठे सायकल आडवी पडली.

त्याच दिवशी तिचे गॅस कटरने तुकडे केले. सीट भट्टीत टाकली. जळताना कसलाही वास आला नाही.

संपलं, असं मला वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी तिला बसवर सोडायला गेलो. बॅग वर चढवली. खिडकीतून पाण्याची बाटली तिच्या जागेवर ठेवली. तिने एक पाय पायरीवर ठेवला.

आणि तशीच राहिली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागची बाई म्हणाली, "अगं चढ की, नाहीतर बाजूला हो."

धाकटी मागे न बघता म्हणाली, "दादा, सोड ना."

मी खिडकीपाशी होतो. तिच्यापासून दहा हात लांब.

बस गेली. नोकरीही गेली. आता सहा महिने झाले. घरात फिरते, जेवते, हसतेसुद्धा. पण बाहेरच्या दाराशी गेली की थांबते. डॉक्टर म्हणतात धसका आहे. त्या डॉक्टरने तिच्या कमरेवर नीट बघितलेलं नाही. एका बाजूला चार वळ आहेत, दुसऱ्या बाजूला एक.

आई म्हणते, तू काहीतरी कर. तुझ्यामुळे झालंय.

करता येईल. कसं सोडवायचं ते मला माहीत आहे. एकच वाक्य आहे, एकदा म्हणून झालंय, आणि त्याने ऐकलंही होतं.

आत्ताही ती दाराशी उभी आहे. माझ्याकडे पाठ करून. "दादा, सोड ना," म्हणतेय.

मी तोंड उघडतो...

आणि डोळ्यांसमोर तो फाटा येतो.