डीपीचा खटका टाकताना

डीपीचा खटका टाकताना वर पाहायचं नाही, असा तापीकाठच्या त्या गावात नियम होता. गावाबाहेर केळीच्या बागांच्या मधोमध दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर बसवलेला, तोच डीपी, आणि एका खांबाला खाली लोखंडी दांडा, तो खटका. दांडा वर ढकलला की आसपासच्या सगळ्या मोटारींना वीज. ढकलणाऱ्याने मान खाली घालायची, सोबत असतील त्यांनीही. का, ते विचारायचं नाही. लहानपणी नूतनने विचारलं होतं, तेव्हा पितांबरकाका म्हणाले होते, "ठिणगी उडस. डोया जातीन."

आता ती धुळ्याहून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन आली होती आणि ठिणगीचं उत्तर तिला पुरत नव्हतं. ठिणगी उडते क्षणभर. ही माणसं तर बांधावर पाय ठेवल्यापासून स्वतःच्या चपला बघत चालायची. गावातल्या थोरांना बोलायला सगळं जग होतं, फक्त हे एक सोडून.

त्या वैशाखात दुपारी वावटळ आली आणि लाइन गेली. दिवस कलताना उपकेंद्रातून निरोप आला, दुरुस्ती झाली, तुमचा खटका टाकून घ्या. गावचा वायरमन वीरसिंग लग्नाला अक्कलकुव्याला गेलेला. केळीचे घड पोसायला लागले होते, पानांच्या कडा करपून कागदासारख्या वाजत होत्या. आज पाणी मिळालं नाही तर बाग हातची जाणार होती.

"वीरसिंग नही त काय व्हयनं?" चुडामण आबा म्हणाले. "आपली पोर शिकेल शे."

"तिले खटका कसाले लागस? नुसतं बोलनी तरी करंट बसस," पितांबरकाका म्हणाले आणि दोघे हसले.

नूतन चिडली नाही. आतून तिला बरंच वाटलं होतं. हे काम तिच्या वडिलांचं होतं.

रूपचंद वायरमन. ती त्यांना अण्णा म्हणायची. सायकलच्या दांडीवर बसवून ते तिला लाइनवर न्यायचे. त्यांच्या हातांना ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास यायचा, साबणानेही न जाणारा. त्याच हातांनी ते तिला भाकरीचा घास भरवायचे. ते खांबावर चढले की ती खालून ओरडायची, "अण्णा, काय दिसस?" आणि ते वरून सांगायचे, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे दिसतात, त्यातला एक पांढरा तुझ्याकडेच बघतोय. यात्रा नसली तरी घोडे दिसायचेच.

अण्णा गेले ते याच डीपीवर. ते वर तार जोडत असताना खाली कोणीतरी दांडा ढकलला होता. तेव्हाही केळीला पाण्याची घाई होती. कोणी ढकलला, हे गावाने कधी उच्चारलं नाही. "लाइनले मांगून करंट उना," लाइनमध्ये मागून वीज आली, एवढंच. मान खाली घालायचा नियम त्यानंतरचा, आणि त्यानंतर नूतनला कोणी इकडे येऊ दिलं नव्हतं. आज गरज पडली, म्हणून.

तिघं बांधावरून निघाली. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. बागेत शिरताच वारा पडला. बगळे नाहीत, किडे नाहीत. तिघांच्या पावलांखाली चुरडणारी सुकी पानं तेवढी. डीपीपाशी दोन्ही म्हातारे थांबले आणि देवापुढे झुकवावी तशी मान त्यांनी खाली घातली.

नूतनने दांडा धरला. लोखंड गार होतं. दिवसभराच्या उन्हानंतरही गार. आणि मग तो वास आला... तेलाचा, हातांचा.

वर चामडी पट्टा करकरला.

तिने वर पाहिलं.

मावळत्या उजेडात खांबाला पट्टा लावून कोणीतरी पाठमोरं काम करत होतं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पक्कड तारेवर टिकटिक वाजत होती, अजिबात घाई नसल्यासारखी.

"अण्णा..."

"थांब बेटा... उतरी ऱ्हायनू."

विचारायचं होतं पुष्कळ. तोंडातून आलं ते लहानपणीचंच. "अण्णा... काय दिसस?"

पक्कड थांबली.

"टोप्या," वरून हळूच उत्तर आलं. "नुसत्या टोप्या दिसतस... वर कोनी दखस नही."

नूतनने खाली झुकलेल्या दोन टोप्यांकडे पाहिलं. प्रत्येक उन्हाळ्यात, लाइन गेली की प्रत्येक वेळी ही माणसं इथे येत होती. मान खाली घालत होती. आणि दांडा ढकलत होती.

"नूतन," काका जमिनीकडे बघतच म्हणाले. आवाज अगदी बारीक. "टाक ना, बेटा. वर दखू नको... टाक."

"मी नही टाकस."

"केळी मरी जाई."

"मरू द्या." तिने दांडा सोडला आणि त्याच्यापुढे आडवी, खांबाला पाठ लावून उभी राहिली. "वर मानूस शे."

चुडामण आबांनी टोपी काढून छातीशी धरली. दोघांच्या माना तशाच खाली होत्या.

कोण आहे, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.