बेटावरचं बाळतपन

मोबाइल खाली ठेवा आदी. त्यो उजेड तोंडावर पडला की तुमीच भुतं दिसताय समदी. रोहन, तुला येगळं सांगू व्हय? ठेव. हां. आनि मधी कुनी फिदीफिदी हसलं तर मी उठून जानार, आत्ताच सांगून ठेवतो.

ही बनवल्याली गोष्ट न्हवं. म्हादूला घडल्याली हाय. कुंभारवाड्याच्या पल्याडच्या वाडीतला म्हादू. मानूस जित्ता हाय, जाऊन इचारा. फकस्त दिवसाचं जावा.

म्हादू तसा कामाचा गडी. भातशेती बघायची, रानात मजुरी करायची. पर डोकं म्हंजी वाळलेलं गवत. काडी दाखवायचा अवकाश, भडकलाच. त्येला एकच पोरगी, पूर्णिमा. रामनगरच्या सूरजला दिल्याली. जावई चांगला, दारूला शिवत न्हाई, पर नोकरी लागली कुठं? अंदमानात, बंदरावर.

पयल्यांदा आयकलं तवा म्हादू उखडलाच. "बेटावर ऱ्हानार? बेटात ऱ्हायाला त्यो काय वाघ हाय?"

आपल्यात बेट म्हंजी कळकाचं, बांबूचं न्हवं का. फुला, त्येची बायकू, हसून हसून भुईवर बसली. "अवो, समिंद्राच्या मधी जमीन वर आसती, तिला बी बेटच म्हनत्यात. आपल्या सुप्याच्या धरनाच्या पान्यात डोंगराची टकुरी वर ऱ्हायल्यात, तसं."

तवा कुठं ते त्येच्या डोक्यात शिरलं.

मग पूर्णिमाला दिवस गेलं. ह्येच्या आदी एक पाचव्या म्हयन्यात गेल्तं. तवा पोरगी घरात एकलीच. सूरज कामावर, सासू कवाच वारल्याली. त्या वक्ताला कुनी हाताला धराय नव्हतं, हे फुलाच्या काळजात काट्यागत ऱ्हायलं. ह्या खेपेला पोरीला हितंच आनायची म्हनली, तर डाक्टरीन म्हनली, इमान न्हाई, बोट न्हाई, जाग्यावरनं हालायचं न्हाई.

"मग मीच जाते," फुला म्हनली. "ह्या खेपेला ती एकली ऱ्हानार न्हाई."

मग ठरवाठरवी सुरू झाली. कॅसलरॉकला रेल्वे धरायची, वास्कोला उतरायचं, तितनं इमान, मदरासात उतरून दुसरं इमान. जल्मात बेळगाव सोडून फुडं न गेल्याली मानसं ही. फुलानं पिशवी भराय घेतली. अळीव, डिंक, नाचणीचं पीठ, भिरंडीची म्हंजी कोकमाची सोलं.

"इमानात नाचणी घेत्यात का गं?" म्हादूनं इचारलं.

"नाचणी न्हाई घेतली तर मी बी न्हाई बसत. बसा तुमी एकलंच, खिडकीकडंला."

तर त्यो दिवस. गेल्या साली, कार्तिकातली अवस. नोव्हेंबरची वीस तारीख, बेस्तरवार. सांजचं सव्वासात झाल्तं. रामनगरात प्रशांत म्हनून पोरगा तिकिटं काढून देतो, त्येचा निरोप घेऊन शेजारचा रामनगरास्नं आला. दोनच जागा ऱ्हायल्यात, आत्ताच्या आत्ता फोन करून नावं आनि वयं सांगा.

फोन कराय वाडीत रेंज कुठली? खाली पान्याच्या काठाला एक धोंडा हाय, त्येच्यावर हुबं ऱ्हायलं की एक दांडी येती. म्हादूनं बॅटरी घेतली.

फुला म्हनली, "सकाळी जावा की. अवस हाय आज."

"इमानाला काय अवस आसती व्हय?" म्हनला आनि निघाला.

धरन भरल्यालं. पानी पार झाडाच्या बुडाला. समोर मधोमध त्ये डोंगराचं टकुरं, काळं. म्हादू धोंड्यावर चढला, फोन कानाला लावला.

"हलो! प्रशांत! म्हादू बोलतोय!"

"बोला काका. कुठलं तिकीट म्हनायचं? आवाज तुटतोय."

"बेटावरचं!"

"कुठं?"

"बेटावर रं!"

"काका, आयकू येईना. कुठं जायचंय?"

झालं. काडी पडली. म्हादूनं बॅटरी वर करून, समदा जीव गळ्यात आनून बोंब मारली. "बेटावर! बाळतपनाला! माजी पोरगी बेटावर अडलीय, आनि तू कुठं कुठं काय लावलंयस!"

अडली बिडली काय न्हवती. पाच आठवडं हुतं अजून. रागाच्या भरात म्हनला मानूस. पर पानी काय त्येचा राग वळखतंय?

पान्यावरनं आवाज लांब जातो. टकुऱ्यावर आपटला, माघारी आला. अडलीय... लीय... लीय...

किरकिरं वरडत हुती. ती थांबली.

चुबुक.

म्हादूला वाटलं मासा.

चुबुक... चुबुक.

वल्हं. कोनतरी होडी मारत काठाला येत हुतं. आनि अंधारातनं बाईचा आवाज आला. वयस्क, धापा टाकनारा.

"कुनाची पोर?"

म्हादूला वाटलं, जाळं टाकाय आल्याली कुनी आसंल. त्येचं डोकं अजून प्रशांतवर तापल्यालं. "माजी! म्हादूची! पूर्णिमा!"

"कितवी खेप?"

"दुसरी. एक गेलंय. तुला काय करायचंय?"

"जवळ कोन हाय?"

"कोन न्हाई! एकली हाय! म्हनून तर निघालोय!"

वल्हं थांबलं. मग आवाज आला, ह्या खेपेला लई जवळनं.

"मी जाऊ?"

आनि ह्यो शाना म्हनला, "जा की! जा तू फुडं, आमी येतो मागनं! मला फोन करू दे आदी!"

फोनात प्रशांत बोलत हुता. "काका... काका, नावं लिवली मी. म्हादू, फुला. पर तिसरी कोन? जागा दोनच हायत."

"तिसरी कुठनं आली?"

"त्या बाई सांगाय लागल्यात की. रुक्मा म्हनून. फोन त्येंच्याच हातात हाय न्हवं? अगदी कानाजवळ..."

म्हादूनं फोन कानाला घट्ट दाबला.

"थांबा, काय म्हनत्यात? हां... जागा नको म्हनत्यात, काका. होडीनं जातो म्हनत्यात."

फोन तुटला.

म्हादूनं बॅटरी फिरवली. डावीकडं. उजवीकडं. खाली.

होडी न्हाई. बाई न्हाई. पानी... आरशागत. त्येच्यावर फकस्त एक रेघ. धोंड्यापास्नं निघाल्याली. उगवतीकडं. लांब. बॅटरीचा उजेड पोचत न्हाई तितपतूर.

कसा घरी आला, त्येचं त्येला ठावं. फुला दारात. समदं आयकलं तिनं. रुक्मा म्हनल्यावर खालीच बसली.

"काय गं?"

तिनं पान्याकडं हात केला.

"बोल की!"

"आमच्या गावची सुईन," फुला म्हनली. फुलाचं म्हायेर त्याच पान्याखाली हाय. "मी सात वरसाची आसन. पानी चढत हुतं. समदी गाव सोडून वर आल्ती. एक घर ऱ्हायलं डोंगरावर, भात कापून येतो म्हनून. भवतीनं पानी आलं. त्या घरची बाई दिवसात. एक रातीला तिचा दाल्ला, नवरा, त्या डोंगराच्या काठाला आला, कंदील वर धरून आमच्याकडं वरडला. बेटावर अडलीय म्हनून. रुक्मा जेवत हुती. ताटावरनं उठली. होडीत बसली. होडी मधीच पालथी झाली."

"आनि ती बाई?"

"सकाळपतूर वरडत हुती. काठाला आयकू येत हुतं आमास्नी... मग थांबली."

म्हादूच्या हातातली बॅटरी अजून पेटल्यालीच हुती. "मग ही... पोरीला सोडवाय गेली, का घेऊन जायाला?"

फुलानं चपला बी घातल्या न्हाईत. तशीच पळाली, धोंड्याकडं. म्हादू मागनं.

पोरीला फोन लावला. वाजला. वाजला. उचलला न्हाई.

परत लावला.

सूरजला लावला. न्हाई.

परत पोरीला. एकदा फुला लावायची, एकदा म्हादू. फुला शिव्या देत हुती, जल्मात पयल्यांदा. "कुनाला बी तोंड उघडून बोलवताय! आदी बघायचं न्हाई कोन हाय ते! तुमच्या तोंडाला कुलूप लावाय पायजे हुतं माज्या बापानं!" आनि म्हादू, ज्येला कुनी आरं म्हनलं की कारं म्हनायचा, त्यो मान खाली घालून आयकत हुता. पान्याकडं बघायची दोगांची बी छाती न्हवती.

नऊ वाजून वीस मिनटांनी फोन लागला. सूरज. रडत का हसत, कळंना.

"मामा, पोरगी झाली!"

"आं?"

"साडेसातलाच कळा सुरू झाल्या तिला. मी कामावर. शेजारी कोन नव्हतं. मी आलो तवा दार आतनं लावल्यालं, फोडून आत गेलो. तर समदं झाल्यालं, मामा. पोरीला पुसून, गुंडाळून आईपाशी ठेवल्याली. आता नर्स आलीय. दोगी बऱ्या हायत."

फुलानं फोन हिसकावला. "तिला दे! माज्या पोरीला दे!"

पूर्णिमाचा आवाज आला. दमल्याला. "अव्वा... तू धाडल्याली बाई लई चांगली हुती गं."

फुलानं इचारलं. "कोन बाई?"

"आपल्याकडचीच. बोलनं आपल्यावानी. अंगावरनं पानी गळत हुतं नुसतं. मी म्हनलं, मावशी, कापडं बदला, बसा जरा. तर म्हनली, तू सुटलीस. मला बसून चालायचं न्हाई. दुसरी अजून अडलीय... आनि गेली."

दार आतनं लावल्यालं हुतं, पोरानू. मगाशी सांगितलं न्हवं का?

परत सूरज आला फोनवर. "मामी, ही नर्स रागं भराय लागलीय. पोरीच्या नाळंवर राख कुनी लावली म्हनती. आता आमच्या घरात गॅस हाय. राख कुठनं येनार?"

फोन ठेवला.

घरी आली दोगं. म्हादूला थंडी भरल्याली. फुला म्हनली, च्या ठेवते. चुलीपाशी बसली, फुंकनी घेतली.

आनि तशीच बसून ऱ्हायली.

म्हादूनं बॅटरी मारली.

चुलीतल्या राखंत खड्डा. मूठभर राख काढल्याली. कडंला चार बोटं आनि अंगठा, छापल्यागत. भवतीची राख भिजून चिकटल्याली. आनि उंबऱ्यापास्नं चुलीपतूर पान्याचा एक थेंब न्हाई.

पंदरा दिवसांनी दोगं अंदमानाला गेली. काढल्याल्या तिकिटावर. नात घेतली मांडीवर, नाचणीची आंबील पाजली लेकीला. दीड म्हयना घराला कुलूप हुतं. माघारी येऊन दार उघडलं. समद्या घरात धुरळा, कोळ्याची जाळी. पोत्यातलं मीठ सुद्दीक वाळून दगड झाल्यालं.

फुलानं आता दुसरी चूल घातलीय, भाईर पडवीत. आतल्या चुलीला कुनी हात लावत न्हाई. परवाच्याला म्हादूनं हिय्या करून त्या राखंला बोट लावून बघितलं.

ओली हाय.